जुनी कॅसेट, नवा मोबाईल, एकच फिल्म: खर्च किती आणि कशावर

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात एकाच कुटुंबाचं चित्रीकरण तीन-चार प्रकारच्या यंत्रांवर विखुरलेलं असतं. थोरल्या भावाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, धाकट्याच्या लग्नाची मिनी डीव्ही किंवा तिच्यावरून काढलेल्या दोन व्हीसीडी, पुतणीच्या बारशाचं हँडिकॅमच्या कार्डावरचं शूटिंग आणि अलीकडच्या साखरपुड्याचे मोबाईलमधले व्हिडिओ. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आजीची पंच्याहत्तरी किंवा वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलं की हे सगळं जोडून अर्ध्या तासाची एक फिल्म करावी असं घरात ठरतं. मग मिक्सिंगवाल्याला, म्हणजे शूटिंग जोडून फिल्म करून देणाऱ्याला, पहिला प्रश्न जातो तो पैशांचा.

त्याचं उत्तर दोन हजारही येऊ शकतं आणि वीस हजारही. समोरचा कोणत्या कामाचे पैसे मागतोय, यावर ते अवलंबून असतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. पैसा घालायचा तो कॅसेट नीट उतरवून घेण्यावर. ‘जुनं शूटिंग एचडी करून देतो’ या बोलीवर घालू नये. कॅसेट चांगली उतरली असेल तर पुढचं जोडकाम साधं आणि स्वस्त असतं. ती वाईट उतरली असेल तर नंतर कितीही पैसे ओतले तरी चित्र सुधारत नाही, कारण जे फाईलमध्ये आलंच नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर खरेपणानं परत आणू शकत नाही.

या भागात हे काम घरगुती हौसेपुरतं राहत नाही. गोसीखुर्दच्या इंदिरा सागर धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं आणि पुढे वैनगंगेच्या काठची गावं बुडिताखाली गेली. जुन्या गावातलं घर, आंगण, मारुतीचं देऊळ आज एखाद्या लग्नाच्या कॅसेटमध्ये वरातीच्या मागे दिसत असेल, तर त्या जागेचं दुसरं हलतं चित्र कुठेही नसण्याची शक्यता मोठी आहे. शंकरपटाचंही, म्हणजे बैलांच्या शर्यतींचंही, तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. बंदीच्या आधीच्या पटाचं शूटिंग बहुधा टेपवर असतं, नंतरचं मोबाईलवर. गावाला दोन्ही एकाच फिल्ममध्ये हवे असतात.

आधी फरक किती ते पाहा

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीत, म्हणजे पालमध्ये, डीव्ही कॅमेऱ्याचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं. फुल एचडी १९२० बाय १०८०. गुणाकार केला तर एचडीच्या एका चित्रात डीव्हीच्या बरोबर पाचपट पिक्सेल असतात, मोबाईलच्या फोर-केमध्ये वीसपट. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, म्हणजे डीव्हीच्या चौथाईच्या आसपास. व्हीएचएस कॅसेट ७२० बाय ५७६ मध्ये उतरवली तरी तिच्यावर आडवा तपशील सुमारे २४० रेषांएवढाच असतो.

यातून घरच्या कपाटासाठी एक सरळ नियम निघतो. एकाच लग्नाची मूळ कॅसेट आणि तिच्यावरून काढलेली व्हीसीडी दोन्ही असतील, तर व्हीसीडी बाजूला ठेवा आणि कॅसेट शोधा. व्हीसीडी वापरायला सोपी असते, म्हणून मिक्सिंगवाला तीच मागतो. कॅसेट घरी नसेल तर ज्यानं शूटिंग केलं होतं त्या स्टुडिओत विचारा. काही स्टुडिओवाल्यांनी मूळ मिनी डीव्ही वर्षानुवर्षं खोक्यात ठेवून दिलेल्या असतात. त्या मागण्याचा तुमचा हक्कही आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरा फरक हालचालीचा आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो. जुने कॅमेरे सेकंदाला २५ चित्रं घेत, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रं. मोबाईल साधारणपणे सेकंदाला ३० पूर्ण चित्रं घेतो, आणि तीही अगदी समान अंतरानं नाही. उजेड कमी झाला की त्याचा वेग खालीवर होतो.

उतरवणं: इथे हात आखडू नका

मिनी डीव्हीवरचं शूटिंग मुळातच डिजिटल असतं. फायरवायरच्या केबलनं ते संगणकात घेतलं की टेपवर जे आहे ते जसंच्या तसं फाईलमध्ये येतं, दर्जा कणभरही घटत नाही. एका तासाची फाईल सुमारे १३ जीबीची होते. ग्राहकासाठी हीच सर्वांत सोपी कसोटी आहे. तासाभराच्या कॅसेटची फाईल तुम्हाला एक-दीड जीबीची मिळाली, तर ती दाबून लहान केलेली आहे. ‘डीव्हीडी करून देतो’ म्हणणाऱ्यालाही नम्रपणे नाही म्हणा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावतात, म्हणजे १३ जीबीचा माल त्यात कोंबावा लागतो. डीव्हीडी पाहायला हवी असेल तर नंतर वेगळी काढता येईल. जपायची आणि मिक्सिंगला द्यायची ती मूळ फाईल.

कॅमेऱ्याला यूएसबीचं तोंड असतं, म्हणून काहीजण त्यातून उतरवतात. जुन्या हँडिकॅममध्ये ते तोंड बहुधा फोटोंसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी दिलेलं असे. ‘फायरवायरनं उतरवता का?’ एवढा एक प्रश्न विचारला की समोरच्याला काम किती येतं ते कळतं.

आता एक बाब जिच्यामुळे चांगल्या कॅसेटी कचऱ्यात जातात. २००३ नंतर एचडीव्ही नावाचा प्रकार आला. कॅसेट तीच मिनी डीव्हीची, पण तिच्यावर १४४० बाय १०८० चं हाय डेफिनिशन चित्र. अशी कॅसेट साध्या डीव्ही कॅमेऱ्यात घातली तर पडदा निळा किंवा काळा राहतो आणि दुकानदार ‘कोरी आहे’ म्हणून परत देतो. सोनीच्या पीडी-१७० सारख्या कॅमेऱ्यावर डीव्हीकॅम पद्धतीनं घेतलेली कॅसेटही दुसऱ्या कंपनीच्या साध्या कॅमेऱ्यात चालत नाही, असं होतं. आणि जास्त वेळ मावावा म्हणून एलपी मोडमध्ये घेतलेली कॅसेट पुष्कळदा ज्या कॅमेऱ्यावर घेतली त्याच्यावरच नीट वाजते. तेव्हा एका दुकानानं कोरी म्हटलेली कॅसेट फेकू नका. एचडीव्ही चालणाऱ्या यंत्रावर पुन्हा लावून पाहा. भंडारा-पवनीत तसं यंत्र मिळालं नाही तर नागपूर गाठावं लागेल. एकाच फेरीत सगळ्या कॅसेटी न्या.

व्हीएचएसची गोष्ट वेगळी. ती अॅनालॉग असल्यामुळे उतरवताना दर्जा यंत्रावर, केबलवर आणि माणसाच्या काळजीवर ठरतो. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही जगातली शेवटची कंपनी. तिनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, म्हणजे आज जी यंत्रं चालतात ती सगळी जुनीच आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून पैशांची अडचण असेल तर फिल्म पुढच्या वर्षी करा, पण कॅसेट यावर्षी उतरवून घ्या.

व्हीएचएस देताना तीन गोष्टी सांगायच्या. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, इंटरलेस्ड (म्हणजे अर्धचित्रांतच) असंच उतरवा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग मागे गुंडाळा, ट्रॅकिंग जुळवा, मगच रेकॉर्डिंग सुरू करा. आणि खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर यंत्रात घालू नका. पावसाळ्यात लोखंडी पेटीत ठेवलेल्या कॅसेटींना बुरशी हमखास धरते. ती यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटीत जाते. बुरशीची कॅसेट साफ करणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचे स्वतंत्र पैसे द्यायला हरकत नाही. कॅसेट घराबाहेर काढण्याआधी तिचं रेकॉर्डिंग बंद करा: व्हीएचएसची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडा, मिनी डीव्हीची खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा.

खर्चाचा अंदाज असा धरा. व्हीएचएस कॅसेटला ३०० ते ५००, मिनी डीव्हीला २०० ते ४००, आणि बुरशी किंवा तुटलेली टेप असेल तर कॅसेटमागे आणखी २०० ते ५००. नगावर भाव ठरवला तर ‘तीन तासांची असली तरी तेवढेच’ हे आधी वदवून घ्या. लग्नाची व्हीएचएस बहुधा १८० मिनिटांची असते आणि ती उतरवायला तेवढाच वेळ यंत्र अडकतं, त्यामुळे तासावर भाव मागणाराही चुकीचा नाही. शंभर रुपयांत कॅसेट मागणाऱ्याकडे मात्र फाईल किती जीबीची देणार ते विचारा.

कॅसेटी सात-आठच्या वर असतील तर स्वतः उतरवण्याचा विचार करा. डेस्कटॉप संगणकात बसणारं फायरवायर कार्ड दीड हजार आणि केबल चारशेच्या आसपास धरली, तर तीनशेच्या भावानं सात कॅसेटींत खर्च वसूल होतो. अट एवढीच की चालू कॅमेरा कुणाकडून मागून मिळाला पाहिजे. विनडीव्हीसारखं उतरवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गावातलं नाट्य मंडळ किंवा युवक मंडळ हे कार्ड एकत्र घेऊ शकतं. मंडईच्या जत्रेतल्या दंडारीच्या, खडीगंमतीच्या आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या कितीतरी कॅसेटी घराघरांत पडून आहेत, त्याही यात उतरतील. व्हीएचएससाठी मात्र जुना व्हीसीआर विकत घेण्याच्या भरीला पडू नका. दोन-चार कॅसेटींसाठी तो परवडत नाही, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा सापडत नाही.

कार्डावरच्या हँडिकॅमचं शूटिंग उतरवताना पूर्ण फोल्डर कॉपी करा, आतल्या सुट्या फाईली नकोत. हा कॅमेरा लांब शॉट मोठ्या फाईलींच्या तुकड्यांत साठवतो. सुटे तुकडे नुसते जोडले तर सांध्यावर आवाज तुटतो.

मोबाईलचे व्हिडिओ गोळा करताना व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे मागवू नका, ते दाबले जातात. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा केबल लावून मूळ फाईल घ्या. पुण्याला, नागपूरला राहणाऱ्या भावंडांकडून हे आधी करून घ्या. हे काम फुकट आहे आणि फिल्मच्या दर्जात त्याचा फरक पैसे देऊन केलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा जास्त दिसतो.

जोडताना बिघडतं ते इथे

फिल्म एसडीत, म्हणजे जुन्या ७२० बाय ५७६ च्या मापात करावी, की एचडीत? पूर्वी डीव्हीडीच काढायची असे, तेव्हा एचडी खाली आणणं योग्य होतं. आता फिल्म टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून किंवा मोबाईलवर बघितली जाते. म्हणून १९२० बाय १०८० मध्येच करा आणि जुनं चित्र त्यात बसवा.

बसवताना पहिली चूक ताणण्याची. जुनं चित्र चारास तीनचं, नवा पडदा सोळास नऊचा. रुंदी भरावी म्हणून चित्र आडवं ओढलं की माणसं तेहतीस टक्क्यांनी रुंद होतात. मावशी जाड दिसते, बैलगाडीचं चाक अंडाकृती होतं. दुसरा उपाय चित्र मोठं करून वरखाली कापण्याचा. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे नवरदेवाचं बाशिंग किंवा पाय. काही शॉटना हे चालतं, पण ते एकेक बघून ठरवायला हवं. तिसरा मार्ग चित्र जसं आहे तसं ठेवण्याचा: १०८० उंचीला १४४० रुंदी येते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. मला हाच सर्वांत सभ्य वाटतो. पट्ट्यांत तेच चित्र धूसर करून भरण्याची पद्धत सध्या फार आहे. ती डोळ्याला थकवते आणि समोरच्या चेहऱ्यावरून लक्ष काढते, तेव्हा नको म्हणून सांगा. व्हीसीडी किंवा फार मऊ व्हीएचएस असेल तर चित्र पूर्ण उंचीला न नेता थोडं लहान, साध्या चौकटीत ठेवा. लहान चित्र डोळ्याला तेवढंच रेखीव दिसतं.

दुसरी चूक कंगव्याच्या दातांसारख्या रेषांची. हालणाऱ्या हाताच्या, पळणाऱ्या बैलाच्या कडेला त्या दिसतात. दोन अर्धचित्रं सोडवून पूर्ण न करता तसंच चित्र मोठं केलं की असं होतं. क्रम एकच: आधी रेषा सोडवा, मग मोठं करा. त्यातही डीव्हीमध्ये खालचं अर्धचित्र आधी येतं, एचडीव्ही आणि कार्डावरच्या एचडी हँडिकॅममध्ये वरचं आधी. सेटिंग उलटं लागलं तर वरात दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरत चालते. मिक्सिंगवाल्यानं दाखवलेल्या नमुन्यात वाजंत्र्यांच्या काठ्या पाहा, तिथे हा दोष लगेच पकडता येतो.

पटाच्या फिल्मसाठी माझा आग्रह सेकंदाला ५० चित्रांचा आहे. पन्नास अर्धचित्रांची पन्नास पूर्ण चित्रं केली तर जुन्या टेपवरची धाव जशी घेतली होती तशी वाहती राहते. २५ वर आणली तर अर्धी हालचाल गळते. लग्नाच्या फिल्मला २५ चालतात, नाचाचा भाग मोठा असला तर तिथेही ५० बरे.

मोबाईलचे ३० चित्रांचे व्हिडिओ २५ मध्ये घातले की हिसके बसतात आणि वेग अनियमित असेल तर ओठ आणि आवाज सुटत जातात. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून आधी त्यांचा वेग एकसारखा करून घ्यायला हवा. पुढच्या समारंभासाठी घरच्यांना सांगून ठेवा: मोबाईल आडवा धरा, सेटिंगमध्ये २५ असेल तर २५ निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात ३० पेक्षा २५ ला लुकलुक कमी येते. शूटिंगवाला दोन वेगवेगळे कॅमेरे आणणार असेल तर दोन्हींवर सेकंदाला २५ किंवा ५० आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवशील ना, हे सुपारी देतानाच विचारा.

रंगांचं थोडक्यात. एसडी आणि एचडी यांचं रंगांचं गणित वेगळं असतं. सॉफ्टवेअरनं ते नीट ओळखलं नाही तर शालूचा लाल आणि धानाचा हिरवा दोन्ही किंचित सरकतात. जुन्या चित्राला नव्यासारखं चकचकीत करण्यापेक्षा नव्याचा कडकपणा आणि रंगांचा भडकपणा थोडा उतरवावा, म्हणजे दोघं एका फिल्ममध्ये नांदतात. आणि एकाच प्रसंगात जुनं-नवं आलटून पालटून लावू नये. जुन्याचा सलग भाग, मधे थोडी उसंत, मग नवा भाग. प्रत्येक उडीला डोळ्याला दर्जातला फरक टोचतो. उड्या कमी असल्या की तो टोचत नाही.

आवाजाला मात्र वेळ आणि पैसा दोन्ही द्या. मऊ चित्र माणूस दोन मिनिटांत स्वीकारतो, घरघरणारा आवाज स्वीकारत नाही. व्हीएचएसवरची घरघर काढता येते. मिनी डीव्हीत काही वेळा आवाज ३२ किलोहर्ट्झवर घेतलेला असतो आणि तो ४८ च्या फिल्ममध्ये तसाच घातला तर हळूहळू सुटतो, हे मिक्सिंगवाल्याला माहीत असावं. सबंध फिल्मवर एकच गाणं पसरू नये. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्याचा, बोहल्याजवळ हाक मारणाऱ्या आजोबांचा आवाज त्या कॅसेटीत असतो, आणि गाणं टाकलं की तोच पहिला पुसला जातो. शिवाय सिनेमाची गाणी घातलेली फिल्म यूट्यूबवर टाकली तर गाण्याच्या मालकाचा दावा लागून आवाज बंद पडू शकतो.

‘एचडी करून देतो’चं काय

कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर आता चित्र मोठं करताना कडा रेखीव करतात. ती कधी खरंच उपयोगी पडतात, विशेषतः मिनी डीव्हीच्या स्वच्छ, उजेडातल्या शॉटना. पण व्हीएचएसवरच्या लहान चेहऱ्यांना ती अंदाजानं डोळे-ओठ काढून देतात आणि आजी आजीसारखी दिसत नाही. श्रद्धांजलीच्या फिल्ममध्ये तर मी हे अजिबात करू देणार नाही. पैशाच्या बाजूनं पाहिलं तरी तीन तासांची कॅसेट अशी ‘एचडी’ करून घेणं उधळपट्टी आहे. फिल्ममध्ये येणार आहेत तेवढे पाच-सात मिनिटांचे शॉट आधी निवडा, त्यातल्या एका मिनिटाचा नमुना मागा, मोठ्या टीव्हीवर बघा आणि मग ठरवा. सारखाच भाव लागला तरी तीन तासांऐवजी सहा मिनिटं दिली तर खर्च तिसाव्या भागावर येतो.

एका घराचा हिशेब

दोन व्हीएचएस, तीन मिनी डीव्ही, मोबाईलचे ४० जीबी आणि त्यातून २५ मिनिटांची फिल्म, असं काम धरू. व्हीएचएस ४०० प्रमाणे ८००, मिनी डीव्ही ३०० प्रमाणे ९००. मिक्सिंगला, शॉट तुम्ही निवडून दिले तर साडेचार हजार धरा. सेवेचे झाले ६,२००. दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल तर १८ टक्क्यांनी १,११६ वाढतील. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. बिलावर क्रमांक नसताना कर लावला असेल तर तो देऊ नका.

साठवण किती लागेल? टेपचे नऊ तास, तासाला १३ जीबी, म्हणजे ११७. त्यात मोबाईलचे ४० मिळवले तर १५७. तयार फिल्म धरून पाचशे जीबीची डिस्क पुरते, पण एक टेराबाइटची साडेपाच-सहा हजारांत धरली तर पुढची सोय होते. पेनड्राइव्हवर कायमचं जपू नका, तो नेण्या-आणण्यापुरता. आणि पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही, १३ जीबीची तर नाहीच. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या. दुसरी प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवा. एकच डिस्क धरली तर एकूण बारा-तेरा हजार होतात. त्यातली डिस्क तुमच्याच घरी राहते.

मिक्सिंग साडेचार हजारांत बसवायचं असेल तर शॉट स्वतःच निवडा. उतरवलेल्या फाईली घरी बघून वहीत लिहा: कोणती फाईल, किती मिनिट-सेकंदाला, कोण आणि काय. मिक्सिंगवाल्याचा सर्वांत जास्त वेळ अनोळखी माणसांचे नऊ तास बघण्यात जातो. अशी यादी हातात असेल तर भाव खाली आणायला तुमच्याकडे चांगलं कारण असतं. घरातल्या पोराला संगणकाची आवड असेल तर मिक्सिंग घरीही होतं. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरतात. मग खर्च उतरवण्याचा आणि डिस्कचाच राहतो.

चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं

काम देताना कागदावर कॅसेटींची संख्या आणि त्यांच्यावरची नावं, कोणत्या प्रकारच्या फाईली मिळणार, मूळ फाईली आणि कॅसेटी परत देण्याची तारीख, किती दुरुस्त्या भावात धरल्या आणि आगाऊ रक्कम किती, एवढं लिहून घ्या. आगाऊ तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये असं मला वाटतं. उरलेले पैसे फाईली उघडून पाहिल्यावर द्या.

मूळ शूटिंगचा हक्क कुणाचा, यावर वाद होतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन कुणाकडून फिल्म करून घेतली तर, वेगळा करार नसल्यास, तिचा पहिला मालक करून घेणारा असतो. म्हणजे लग्नाच्या शूटिंगचा हक्क कुटुंबाचा. कॅसेटच्या प्लास्टिकचे वेगळे पैसे मागितले तर द्या, पण ‘फुटेज आमचं’ हे मान्य करू नका.

बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कॅसेट हरवली, फाईल ठरल्यापेक्षा वेगळी मिळाली, तर आधी लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

वेळेचं शेवटचं. तुळशीच्या लग्नानंतर आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईत मिक्सिंगवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा जुन्या कॅसेटी कोपऱ्यात पडतात आणि भावही उतरत नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, मशीन रिकामं असतं. पोळा झाला की कॅसेटी बाहेर काढा, बुरशी बघा, प्रत्येकीवर नाव आणि वर्ष लिहा आणि पितृपक्षात नेऊन द्या. फिल्म दिवाळीपर्यंत हातात येते, आणि मंडईला गावी आलेल्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येते.